हाकेची चाचणी

प्रोग्रॅमरने कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि टेबलाच्या कडेवर दोनदा आपटला. बिस्किटांचा चुरा पडला, एक टाचणी पडली. मग त्याने तो सरळ करून पुन्हा समोर ठेवला आणि काहीच न लिहिता नुसता बघत बसला.

"आपट, हवं तेवढं आपट," दारात उभे असलेले मामा म्हणाले. "पण मेलेली माणसं शुक्रवारी उठली पाहिजेत."

"बघतो."

"बघतो नको. महिनाभर बघतोच आहेस, जावईबापू."

मामा म्हणजे त्याच्या बायकोचे थोरले भाऊ. पूर्वी ते एका दुकानात तक्रारखिडकीवर बसत. लोकांच्या शिव्या शांतपणे ऐकून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून या नवरा-बायकोने त्यांना इकडे ओढून आणलं होतं. आता ते खेळाडूंची गाऱ्हाणी ऐकत. त्यांच्या मते दोन्हीकडची माणसं सारखीच होती, फक्त इथली स्वतःला सरदार आणि जादूगार म्हणवून घेत.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत त्यांचा हा संगणकावरचा खेळ राहत होता. मधल्या खोलीत एकच यंत्र होतं, त्याच्यावर अख्खं जग: वेस, विहीर, बाजार, जंगल आणि पलीकडचा डोंगर. यंत्र तापू नये म्हणून त्याच्यावर पंखा सोडलेला असे, आणि माणसं आपली घामाघूम. भिंतीवरच्या फळीत टेलिफोनच्या तारा येऊन मिळत. प्रत्येक तारेच्या दुसऱ्या टोकाला, कुठल्या तरी घरात, कुणी तरी कामधाम सोडून तलवार परजत बसलेलं असे.

सुरुवातीला चित्रं नव्हतीच. पडद्यावर नुसती अक्षरं येत: तुम्ही वेशीपाशी उभे आहात, उत्तरेला जंगल आहे. बायको तेव्हा शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. एकदा तिने ते वाचलं आणि विचारलं, "कसलं जंगल?" त्याला सांगता येईना. मग तिनेच एक झाड काढलं, ठिपक्याला ठिपका जोडून. त्या एका झाडाचीच पुढे सगळीकडे पेरणी झाली. नीट पाहिलं तर त्या जंगलात प्रत्येक झाडाची डावी फांदी मोडलेली होती.

मरण मात्र मेंढ्यांमुळे आलं. पहिल्या दिवसांत त्याने मेंढ्यांना पिल्लं द्यायला शिकवलं आणि मरायला शिकवायचं विसरला. सुट्टीनंतर येऊन बघतो तर गाव मेंढ्यांनी गच्च भरलेलं. कुणाला दाराबाहेर पाऊल टाकता येईना. खेळाडू आपापल्या घरात उभे, आणि जिकडेतिकडे बें-बें. तेव्हा त्याने घाईघाईने मरणाचा नियम लिहिला. मेंढ्यांना लावला तो माणसांनाही लागू पडला, आणि तसाच राहिला. या खेळात जो मेला तो गेला. त्याची पिशवी, त्याचं नाव, त्याची वर्षभराची कमाई, सगळं गेलं. लोक आधी चिडले, मग त्याचाच त्यांना अभिमान वाटू लागला. टोळ्या करून हिंडायचे, एकमेकांना जपायचे. कुणी गेलं की सगळे विहिरीपाशी जमून तलवारी खाली ठेवायचे. त्या जगात सुईसुद्धा जपून धरावी लागे, आणि म्हणूनच ते जग खरं वाटे.

पण आता दुसरे खेळ आले होते. तिथे माणूस मरायचा आणि उठून कपडे झटकायचा. इथले खेळाडू एकेक करून तिकडे चालले होते.

"काल एकाने काय सांगितलं माहितीय?" मामा म्हणाले. "म्हणाला, मरायला घरीदारी काय कमी आहे, म्हणून इथे येऊन मरू?"

प्रोग्रॅमर हसला नाही. मामांनी जीभ चावली आणि ते चहाला पाणी ठेवायला निघून गेले. हे काम त्याच्या हातून का होत नव्हतं, ते तिन्ही खोल्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

प्रोग्रॅमर आणि त्याच्या बायकोची मुलगी या खेळातली पहिली खरी खेळाडू होती. खेळात तिचं नाव भिंगरी. तिने बापाच्या जगातली एकूण एक भोकं शोधून काढली होती: कुठल्या भिंतीतून आरपार जाता येतं, कुठल्या दुकानदाराला त्याचीच टोपी विकता येते. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि तारेला लागायची. आईलाही तिनेच ओढलं. आईसाठी तिने एक पात्र बनवलं आणि आई पावलापावलाला थांबून झाडं न्याहाळत बसते म्हणून त्याचं नाव ठेवलं कासवबाई. दोघींची टोळी होती. टोळीत तिसरं कुणी घ्यायचं नाही असा भिंगरीचा हुकूम होता.

त्या काळात घरात कुणी फोन उचलला की तार तुटायची आणि खेळाडू होता तिथेच पुतळ्यासारखा उभा राहायचा. मग टोळीतले त्याच्याभोवती कडं करून पहारा द्यायचे, तो परत येईपर्यंत. एका दुपारी भिंगरी वेशीबाहेर उभी राहिली. बापाने ते इथे, याच टेबलावर पाहिलं. आईने फोन उचललेला दिसतोय, असं मनाशी म्हणाला आणि दुसऱ्या कामाला लागला. आईने फोन उचललाच होता, रुग्णवाहिकेला. पोरीला दम्याचा झटका आला होता आणि या वेळी औषधाच्या फवाऱ्याने श्वास परत येत नव्हता. नंतर आईने इकडेही फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. पण इकडच्या सगळ्या तारांवर खेळाडू होते.

नवरा-बायकोने त्या दुपारबद्दल एकमेकांना कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं, भांडले असते, तर बरं झालं असतं. दोघंही तसे सभ्य होते, आणि त्या सभ्यपणानेच त्यांचं घर गार पडत चाललं होतं.

पुढे त्याने तार तुटलेल्या पात्रांना तासाभराने आपोआप उचलून ठेवायची सोय केली. त्यात एका पात्राचा अपवाद ठेवला. भिंगरी वेशीबाहेर उभीच राहिली. नवे खेळाडू तिला रस्ता विचारत, उत्तर आलं नाही की रागावत. ही पोरगी फार शिष्ट आहे, अशी तक्रार मामांकडे वरचेवर यायची. मामा उत्तर पाठवायचे: ती जरा कामात आहे.

बायको आत आली. तिच्या हातात चित्रांचे कागद होते: जमिनीवर आडवा माणूस, कोपरावर टेकलेला, गुडघ्यावर आलेला, उभा.

"उठतानाची झाली," ती म्हणाली. "तुझं कुठवर आलंय?"

"उठवायला दोन ओळी पुरतात. पण उठवायचं कुणी, ते ठरत नाही. आपोआप उठला तर मेला कशाला?"

तिने कागद टेबलावर ठेवले. खालच्या दुकानात कुणी तरी चाकात हवा भरत होतं.

"हाक मारू दे कुणी तरी," ती म्हणाली.

"कुणीही?"

"कुणीही कसं? ओळखीच्याने. जो त्याच्याबरोबर हिंडलाय त्यानेच. जवळ येऊन नाव घेऊन हाक मारायची. तीही तिथला दिवस मावळायच्या आत."

मग त्याने खुर्ची पुढे ओढली. जे महिनाभर अडलं होतं ते त्या दुपारी आणि दुसऱ्या सकाळी मिळून लिहून झालं. टोळीतला सोबती जवळ यायला हवा, त्याच्या तोंडून मेलेल्याचं नाव यायला हवं, की झालं. जेवायला सुद्धा तो उठला नाही. बायकोने डबा शेजारी उघडून ठेवला आणि जाताना झाकणाने झाकला.

गुरुवारी दुपारी चाचणी घ्यायची ठरली. तेव्हा अडचण लक्षात आली.

"आपल्यापैकी मरणार कोण?" मामा म्हणाले. "आपण तर सगळे देव."

खेळ चालवणाऱ्यांच्या पात्रांना खेळात देव म्हणत. देवांना साप चावत नसे, तलवार लागत नसे. ते भिंतींतून फिरत आणि पाहिजे तेव्हा नाहीसे होत. मामांचा देव तर एका जागी बसून नुसती गाऱ्हाणी ऐके.

"एखाद्या खेळाडूला विचारू?" मामांनी सुचवलं.

"आणि नाही उठला तर? त्याची चार वर्षं जातील. नको. दोन नवी पात्रं बनवतो, पाच मिनिटांचं काम आहे."

"नव्यांवर चालेलच," बायको म्हणाली. ती समोरच्या टेबलाशी तिच्या यंत्रापुढे बसली होती. "तूच म्हणतोस ना, गाडं अडतं ते जुन्या पात्रांवर. पहिल्या वर्षीच्या."

"म्हणतो, पण..."

"माझी कासवबाई आहे की."

खरंच होती. बायकोला देव करायला तो तेव्हा निघालाच होता, पण पोरीने हातपाय आपटले होते: देव झालेल्या आईबरोबर खेळण्यात काय मजा?

"तिला कशाला?" तो म्हणाला. "काही चुकलं तर ती जाईल. परत नाही आणता येणार."

"जाऊ दे."

मामांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा तिच्या नवऱ्याकडे. मग त्यांना बाहेरच्या खोलीत काही तरी आठवलं. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

तिने कासवबाईला घरातून बाहेर काढलं. विहिरीवरून, बाजारातून, मोडक्या फांदीच्या झाडांखालून ती नेहमीच्याच चालीने निघाली. आपल्या पडद्यावर तो तिला बघत होता. कासवबाई वेशीबाहेर आली, भिंगरीपाशी क्षणभर थांबली आणि शेजारच्या नाल्यात उतरली. नाल्यात साप होता हे गावातल्या मेंढ्यांनासुद्धा माहीत होतं.

"अगं, थांब. अजून मी..."

कासवबाई आडवी झाली. तिच्या अंगावरचे रंग गेले. खाली ओळ आली: कासवबाई वारली.

बायकोने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"आता मार हाक," ती म्हणाली.

त्याने कासवबाईची नोंद उघडली, टोळीत कोण कोण आहे ते बघायला. टोळीत एकच नाव होतं. ते त्याला न बघताही सांगता आलं असतं, पण नियम लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर फक्त खेळाडू होते. घरचं कुणी नव्हतं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"आम्ही दोघीच होतो. मला कसं माहीत नसेल?"

"मी नोंद बदलतो. दोन मिनिटं लागतील. टोळीत एक नाव घालतो आणि..."

"देवाने काही करायचं नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "देवाने आजवर काय केलंय? तिला तिथे उभी करून ठेवलीय. मी रोज बघते. नवी माणसं येतात, तिला नाही नाही ते बोलतात, निघून जातात. तू एकदा तरी तिच्यापाशी गेलास का?"

"काढवत नव्हतं मला. म्हणून राहू दिली."

"काढू नकोस, असंच मीही म्हटलं असतं. पण विचारलं तरी असतंस. इतक्या दिवसांत तू मला एक शब्द विचारला नाहीस. मी फोन लावत होते रे. सारखा लावत होते."

"माहीत आहे."

"माहीत आहे, तर बोलत का नाहीस?"

त्या दुपारी अडलेली प्रत्येक तार त्याच्याच हाताने फळीत खोचलेली होती. पडद्यावर उन्हं कलली होती. त्या जगात दिवस फार लवकर मावळायचा, कपातला चहा निवतो न निवतो तोच. त्यानेच तसं केलं होतं, खेळाडूंना कंटाळा येऊ नये म्हणून.

त्याने आपला देव बंद केला आणि भिंगरीचं पात्र उघडलं.

आधी तिची पिशवी दिसली. एक वाकडी काठी, कुणाची तरी टोपी आणि तीन बेडूक. बेडूक जिवंत होते. त्यांना मरायला शिकवायचं राहूनच गेलं होतं. पिशवीतल्या पिशवीत ते उड्या मारत होते, तिने ठेवले तेव्हापासून.

त्याने एक पाऊल टाकलं. भिंगरी हलली. समोरच्या टेबलाशी बायकोने तोंडावर हात धरला. तिच्या पडद्यावर, आडव्या पडलेल्या कासवबाईच्या उशाशी, पोरगी चालत येत होती. नाल्याच्या काठापर्यंत आली आणि थांबली.

आता फक्त नाव लिहायचं होतं. कासवबाई, एवढंच. त्याने बोटं अक्षरांवर ठेवली, पण काय लिहावं ते त्याला कळेना. हाक त्याची, तोंड पोरीचं. त्याने लिहिलं तर ते खोटं होणार होतं, आणि न लिहावं तर नाल्यावर अंधार पडत होता. घाईत बोटं घसरली आणि सगळ्यात वरच्या ओळीतल्या एका बटणावर पडली.

त्या काळात खेळाडू वरच्या ओळीतल्या बटणांवर आपली नेहमीची वाक्यं साठवून ठेवत, दर वेळी लिहायला नको म्हणून. बटण दाबलं की वाक्य बाहेर. ती सोय त्यानेच केली होती आणि नंतर कधी वापरली नव्हती. देवांना फारसं बोलावं लागत नाही.

भिंगरीच्या डोक्यावर पिवळी अक्षरं उमटली:

कासवबाई, चल लवकर! मी काय इथेच उभी राहू का?

नाव आलं होतं. सोबती जवळ होता. त्या दोन ओळींनी आपलं काम केलं. आडवी कासवबाई कोपरावर टेकली, गुडघ्यावर आली, उभी राहिली. तिचे रंग एकेक करून परत आले.

बायको ती अक्षरं वाचत राहिली, पुसली जाईपर्यंत. मग तिने पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"नाही," तो म्हणाला. "बटणावर होतं. तिचंच आहे."

त्याला रडू आलं. त्याने ते आवरलं नाही. पोर गेल्यापासून माणसांसमोर तो पहिल्यांदाच रडत होता, आणि रडायची सवय नसल्यामुळे फार वाईट आवाज करत होता. बायको उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्या पाठीशी उभी राहिली. तिने त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. तीही रडत होती, पण तिला निदान त्याची सवय होती.

"मी बघितलं होतं ती थांबलेली," तो म्हणाला. "इथून बघितलं होतं. मला वाटलं तू कुणाला तरी फोन करतेयस. मी हसलोसुद्धा, की आता चिडली असेल."

"चिडलीच होती," ती म्हणाली. "सुरुवातीला चिडली होती. फोन ठेव म्हणाली."

असं ते काही वेळ बोलले. मोठं काही बोलले नाहीत. त्या दुपारी ती काय खात होती, कुठला फ्रॉक होता, शेजारच्या कुणी दार उघडलं. त्याला हे काहीच माहीत नव्हतं. तो एकेक विचारत गेला आणि ती सांगत गेली.

मग तिने पुढे वाकून कीबोर्डकडे पाहिलं.

"वरच्या ओळीत बाकीच्या बटणांवरही असेल का?"

"असेल. तिने सगळी भरली असणार."

"उघडून वाचू नकोस. नुसतं दाब."

त्याने पुढचं बटण दाबलं. भिंगरी म्हणाली:

अगं खाली बघ, साप!!

दोघं एकदम हसले. नाकं पुसत, गळ्यात हुंदका असतानाच हसले, आणि बराच वेळ त्यांना थांबता आलं नाही. बाहेरच्या खोलीत कपबशीचा आवाज होत होता तोही थांबला.

त्याचं बोट तिसऱ्या बटणाकडे गेलं. तिने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आज एवढंच."

त्याने बटणं मोजली नाहीत. तिनेही मोजली नसावीत. ओळ फार लांब नव्हती, एवढं मात्र दोघांनाही दिसत होतं.

दार किंचित उघडलं. "चाललं का रे?" मामांनी विचारलं.

"चाललं," ती म्हणाली, आणि त्याचं मनगट तिने सोडलं नाही.